घरात काय चाललंय, तेही विचारा: मानसोपचारतज्ज्ञांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टरांनो,

सप्रेम नमस्कार.

मी समुपदेशक आहे. जोडपी आणि कुटुंबं माझ्याकडे बोलायला येतात. त्यांतल्या बऱ्याच घरांत कुणाला ना कुणाला तुम्ही लिहून दिलेली औषधं चालू असतात. झोप लागते का, भूक कशी आहे, जीव नकोसा वाटतो का, हे तुम्ही प्रत्येक भेटीत विचारता. त्या माणसाचं घरच्यांशी कसं चाललंय, हे मात्र सहसा विचारलं जात नाही. ते माझ्यासमोर उलगडतं आणि बरेचदा फार उशिरा, नातं तुटायला आल्यावर. औषध एकाच्या पोटात जातं, पण त्याचा फायदा आणि त्रास दोन्ही सोबत राहणाऱ्या सगळ्यांच्या वाट्याला येतात. म्हणून माझी मागणी एकच आहे. औषध सुरू करताना, बदलताना आणि बंद करताना रुग्णाच्या नात्यांची चौकशी हा तपासणीचाच भाग समजा.

हे पत्र औषधांविरुद्ध नाही. गोळ्या म्हणजे विष, मन घट्ट करा, सगळं ठीक होईल, असं सांगणारे लोक काही कमी नाहीत. त्यांचं ऐकून औषध सोडलेली आणि आजार उलटलेली माणसं मी पाहिली आहेत. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा आला. त्यात डिप्रेशनवरची २१ औषधं तपासली होती. सरासरी फायदा माफक असला, तरी सगळीच औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरली. लिथियम या औषधाचा उन्मादावर, म्हणजे बायपोलर आजारातल्या बेभान उत्साहाच्या टप्प्यावर, उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ साली दाखवलं, तेव्हापासून या गोळीने किती संसार सावरले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही.

माझ्या डोळ्यांसमोरचंच सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, इथे आणि पुढेही. एक गृहस्थ तीव्र डिप्रेशनमध्ये असताना पत्नीबरोबर यायचे. प्रश्न विचारला की उत्तर यायला इतका वेळ लागायचा की तीच त्यांच्या वतीने बोलून टाकायची. मी त्यांच्याकडे बघून विचारायचे आणि उत्तर मात्र तिच्याकडून यायचं. औषध लागू पडल्यावर काही आठवड्यांनी तिने सवयीप्रमाणे त्यांचं उत्तर द्यायला सुरुवात केली आणि ते म्हणाले, "थांब, मला सांगू दे." आमचं खरं काम त्या दिवशी सुरू झालं. त्याआधी मी कितीही कसब पणाला लावलं असतं, तरी त्यांच्या डोक्यात बोलण्याइतकं बळच नव्हतं. ते बळ तुमच्या चिठ्ठीने दिलं.

पण अशी सुधारलेली माणसं काही महिन्यांनी पुन्हा येतात तेव्हा तक्रार वेगळी असते आणि ती बहुधा त्यांची नसते, घरच्यांची असते. "आता चिडत नाही, रडत नाही, वेळेवर कामाला जातो. पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी माझा नवरा शांत झाला की कुठे गेला, तेच कळत नाही," असं एक जण म्हणाली. तिने सांगितलेला प्रसंग असा. त्यांचा लहान मुलगा खेळताना पडला, कपाळ फुटलं. रक्त बघून ती किंचाळली. नवरा उठला, फडकं आणलं, दाबून धरलं, गाडी काढली. सगळं अगदी बरोबर केलं. पण गाडीत मूल कळवळत असताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, आणि तिला त्या क्षणी मुलाच्या जखमेपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मला कळत होतं की आत्ता मी घाबरायला हवं. वाट पाहत होतो. भीती आलीच नाही."

ही तक्रार विरळा नाही, हे तुम्ही जाणताच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत डिप्रेशनची औषधं घेणाऱ्या ६६९ रुग्णांपैकी ४६ टक्क्यांनी भावना बोथट झाल्याचं सांगितलं होतं. अर्थात डिप्रेशनही भावना मारतं, त्यामुळे यातलं आजाराचं किती आणि औषधाचं किती हे वेगळं काढणं सोपं नाही. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१९ साली एका छोट्या अभ्यासात डिप्रेशनचे रुग्ण दुसऱ्याच्या वेदनेला कसा प्रतिसाद देतात, हे औषधाआधी आणि औषधानंतर तपासलं. औषधाआधी त्यांचा प्रतिसाद निरोगी माणसांसारखाच होता. तीन महिन्यांच्या औषधानंतर तो कमी झालेला दिसला. अभ्यास लहान आहे, त्यावरून ठाम निष्कर्ष काढू नये. पण जी गोष्ट बायका, नवरे, आया आणि मुलं माझ्यासमोर सांगतात, तिच्याशी तो जुळतो.

अडचण अशी की हे रुग्ण तुमच्याकडे तक्रार करत नाहीत. का करतील? महिनोन्‌महिने छाती दडपून गेलेल्या माणसाला काहीच न वाटणं ही सुटका वाटते. तुमच्या प्रश्नावलीत त्याचे गुण सुधारलेले असतात. उदास आहात का? नाही. रडू येतं का? नाही. छान, आहे तोच डोस चालू ठेवू. तो खोटं बोलत नसतो. पण त्याच्यात काय कमी झालंय, हे त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला त्याच्यापेक्षा आधी कळतं. म्हणून त्या माणसाला एकदा तरी विचारा. डोस थोडा उतरवणं, औषध बदलणं, असे उपाय तुमच्या हातात असतात. माझ्या हातात ते नाहीत. मी फार तर "डॉक्टरांशी बोला" एवढंच म्हणू शकते, आणि घरी गेल्यावर ते बोलणं राहून जातं.

याच बोथटपणात काही जण आयुष्यातले मोठे निर्णय घेऊन टाकतात. "माझं हिच्यावर प्रेमच उरलेलं नाही" असं शांतपणे सांगणारा माणूस समोर बसतो. वकिलाची भेट ठरलेली असते. मी विचारते, हे कधीपासून वाटतंय? आठवून आठवून तो जो काळ सांगतो, तो कधी कधी डोस वाढवल्यानंतरचा निघतो. अशा वेळी वकिलाच्या आधी तुमच्याकडे जा, असा माझा आग्रह असतो. पण दरवेळी औषधच दोषी असतं असंही नाही. एका बाईच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. औषधाने डोकं शांत झाल्यावर तिला पहिल्यांदाच नीट दिसलं की या लग्नात तिला वर्षानुवर्षं कुणी माणूस म्हणून वागवलेलंच नाही, आणि आजवर ती स्वतःलाच दोष देत आली होती. तिच्या सासरच्यांनी तुमच्याच एका सहकाऱ्याला ऐकवलं की गोळ्यांनी हिचं डोकं फिरवलं. खरं तर डोकं थाऱ्यावर आलं होतं. या दोन्ही शक्यता असतात, आणि दोन्हींतला फरक कळायला त्या घराची माहिती लागते.

आता शरीरसंबंधांविषयी. इथे मी जास्त स्पष्ट बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त गप्प राहणं इथेच आहे. स्पेनमध्ये १९९७ साली ३४४ रुग्णांचा अभ्यास झाला. ते एसएसआरआय या डिप्रेशनवर सर्रास दिल्या जाणाऱ्या गटातली औषधं घेत होते. लैंगिक त्रास होतोय असं स्वतःहून सांगणारे होते १४ टक्के. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर हो म्हणणारे निघाले ५८ टक्के. म्हणजे शंभरातल्या चाळीसहून अधिक जणांना त्रास होता आणि कुणी विचारलं नसतं तर ते तसेच घरी गेले असते. घरी गेल्यावर काय होतं, ते मी सांगते. इच्छा होत नाही म्हणून ती टाळते. तो समजतो, दुसरं कुणीतरी आहे. तो तिचा फोन बघायला लागतो. तिला वाटतं, याचं आपल्यावर प्रेम नाही, नुसता संशय आहे. माझ्याकडे येईपर्यंत दोघांनीही एकमेकांना असं काही बोलून टाकलेलं असतं की औषध बदललं तरी ते शब्द मागे घेता येत नाहीत. एवढं सगळं टळलं असतं, जर पहिल्या भेटीत कुणी सांगितलं असतं, "या गोळीने इच्छा कमी होऊ शकते, तृप्तीला उशीर लागू शकतो. तसं झालं तर तो तुमच्या मनाचा किंवा नात्याचा दोष नाही. मला सांगा, आपण मार्ग काढू."

आधीच सांगितलं तर रुग्ण औषध घेणारच नाही, अशी भीती तुमच्यातले काही जण बोलून दाखवतात. न सांगता दिल्यावर काय होतं? त्याला ते कळतंच, आणि मग तो तुम्हाला न सांगता गोळी बंद करतो. बुप्रोपिऑन, मिर्टाझपिन यांसारख्या औषधांत हा त्रास कमी असतो, हे तुम्ही मला शिकवण्याची गोष्ट, मी तुम्हाला नव्हे. शिवाय २०१९ साली युरोपियन औषध नियामकांनी एसएसआरआय गटातल्या औषधांच्या माहितीपत्रकात अशी नोंद घालायला सांगितली की काही रुग्णांत औषध बंद केल्यावरही लैंगिक त्रास टिकून राहू शकतो. हे रुग्णाला आधी कळणं हा त्याचा हक्क आहे. अविवाहितांना आणि वयस्करांना तर हा प्रश्न कुणी विचारतच नाही, जणू त्यांना शरीर नसतंच.

यापुढची गोष्ट एका वाक्याची आहे आणि ते वाक्य मी जवळपास प्रत्येक घरात ऐकते: "गोळी घेतलीस का?"

बायपोलर, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल उदासी आणणारा आजार असलेली एक बाई. आजार आटोक्यात आहे, नोकरी करते, औषध चुकवत नाही. नवऱ्याने तिला न विचारता दोघांची शिल्लक भावाच्या धंद्यात घातली. ती संतापली. तिचा आवाज चढल्याबरोबर तो म्हणाला, "आज गोळी घेतली नाहीस वाटतं." तिथे वाद संपला. पैशाचा प्रश्न बाजूला पडला आणि ती मुकाट्याने गोळ्यांचं पाकीट आणून त्याला दाखवायला लागली. हे सांगताना ती माझ्यासमोर रडली नाही, तिने फक्त विचारलं, "मी रागवायचंच नाही का कधी?"

त्या नवऱ्याला मी खलनायक मानत नाही. तिने तीन-तीन रात्री न झोपता काढलेल्या त्याने पाहिल्या आहेत. त्या वेळी झालेली उधारी त्याने फेडली आहे. तिचा आवाज चढला की त्याच्या पोटात गोळा येतो, कारण उन्मादाची सुरुवातही अशीच झाली होती. रास्त राग आणि आजाराची चाहूल पहिल्या पाच मिनिटांत वेगळी ओळखता येत नाही. पण म्हणून दरवेळी आजारच गृहीत धरला, तर त्या बाईचं कुठलंच म्हणणं म्हणणं उरत नाही. ती आयुष्यभर संशयित राहते. आणि मग एक दिवस ती खरंच गोळ्या सोडते. तिला आजार हवा असतो म्हणून नाही, तर त्या गोळ्या तिच्या विरुद्धचा पुरावा झालेल्या असतात म्हणून.

यावर मी काय करते? तब्येत बरी असताना दोघांना समोर बसवून धोक्याच्या खुणा लिहून काढते. सलग दोन रात्री झोप अगदी कमी होणं आणि तरी थकवा नसणं. बोलण्याचा वेग वाढणं. एकदम मोठी खरेदी. या खुणा दिसल्या तर त्याने विचारायचं आणि तिने खरं सांगायचं. नुसता राग या यादीत नाही. रागाला रागाचंच उत्तर द्यायचं, गोळीचं नाही. पुष्कळ घरांत याने फरक पडतो. पण माझ्या कागदाला तेवढं वजन नसतं. तीच यादी तुमच्या तोंडून आली, "राग येणं हे लक्षण नाही" एवढं तुम्ही नवऱ्यादेखत म्हणालात, तर घरात त्या बाईला पुन्हा बोलायची जागा मिळते. दोन मिनिटांचं काम आहे.

गोळ्या कुणी सांभाळायच्या, हाही असाच प्रश्न. काही काळ कुणीतरी सांभाळाव्याच लागतात, विशेषतः जीव देण्याचा धोका असताना. पण हे कधी संपणार, ते सांगा. नाहीतर तात्पुरती म्हणून दिलेली जबाबदारी कायमची होते, आणि सकाळ-संध्याकाळ हातावर गोळी ठेवून पाणी पाजणारी बायको रात्री त्याच माणसाची जोडीदार होऊ शकत नाही.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा आजार, असलेल्या घरांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे साखळी सरळ दिसते. काही औषधांनी चेहरा ताठरतो, हालचाल मंदावते. आई म्हणते, "माझ्याकडे बघून हसतसुद्धा नाही." काही रुग्णांना आतून अशी बेचैनी होते की एका जागी बसवतच नाही. बाप म्हणतो, "दोन मिनिटं आमच्यात बसायला नको याला." हे साइड इफेक्ट आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग टोमणे सुरू होतात. आणि टोमण्यांचं काय होतं, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्यानंतर व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी दाखवलेलं आहे. १९७६ साली व्हॉन आणि लेफ यांनी आपले आणि ब्राऊन यांचे रुग्ण एकत्र धरून पाहिलं, तेव्हा टीका आणि भावनिक ताण जास्त असलेल्या घरांत परतलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांचा आजार नऊ महिन्यांत उलटला, शांत घरांत हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास होतं. औषध चालू असेल तर ताणाच्या घरातही संरक्षण मिळतं, हेही त्यातूनच दिसलं. १९८६ साली अमेरिकेत हॉगर्टी यांच्या गटाने औषधाबरोबर कुटुंबाशीही काम केलं. ज्यांना नुसतं औषध आणि नेहमीचा आधार होता, त्यांच्यापैकी ४१ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. कुटुंबाबरोबर काम झालं त्या गटात १९ टक्क्यांचा. तेव्हा त्या आईला "चेहरा औषधाने ताठरलाय, प्रेम आटलेलं नाही" एवढं सांगणं हाही आजारावरचा उपचारच आहे.

आता तुमचं औषध आणि माझं काम एकमेकांच्या वाटेत कुठे येतं, ते सांगते. पॅनिकच्या, म्हणजे अचानक भीतीचे झटके येणाऱ्या रुग्णाबरोबर मी जे करते, त्यात भीती वाढू द्यावी लागते. लिफ्टमध्ये जायचं, छाती धडधडू द्यायची, थांबायचं आणि ती आपोआप उतरते हे शरीराला शिकू द्यायचं. त्याच माणसाच्या खिशात अल्प्राझोलाम ही भीती झटकन शमवणारी गोळी असेल आणि लिफ्टच्या दाराशी त्याने गोळी जिभेवर ठेवली, तर तो वर जातो, खाली येतो, पण शिकत काहीच नाही. लंडन आणि टोरांटोमध्ये १५४ रुग्णांवर झालेला, १९९३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. भीतीला सामोरं जाण्याचा सराव केलेल्यांची सुधारणा टिकली, अल्प्राझोलामची सुधारणा गोळी थांबल्यावर ओसरली. पुढे त्याच रुग्णांत असंही दिसलं की ज्यांनी बरं होण्याचं श्रेय गोळीला दिलं, त्यांचा त्रास औषध थांबल्यावर जास्त उलटला.

उलट उदाहरणही आहे. जुनाट डिप्रेशनच्या ६८१ रुग्णांच्या २००० सालच्या अभ्यासात नुसत्या औषधाने ४८ टक्क्यांना आराम पडला, नुसत्या थेरपीने ४८ टक्क्यांना आणि दोन्ही मिळून ७३ टक्क्यांना. म्हणजे आपण एकत्र काम केलं तर कुठे फायदा दीडपट होतो, आणि एकमेकांना न विचारता केलं तर कुठे एकाच्या कामावर दुसरा पाणी फिरवतो. कुठल्या आजारात काय होईल, हे दोघांनी बोलल्याशिवाय कसं ठरणार? माझ्या बहुतेक पेशंटांचे डोस बदलल्याचं मला त्यांच्या वागण्यावरून कळतं. कालपर्यंत डोळ्यांत पाणी आणून बोलणारी मुलगी आज जांभया देत बसते आणि मागच्या सेशनमधलं तिला आठवत नाही, तेव्हा मी विचारते, आणि मग कळतं की झोपेसाठी नवीन गोळी सुरू झाली आहे.

माझ्या व्यवसायातल्या काही जणांवरही माझा राग आहे. गोळी घेणं म्हणजे हार, असं मानणारे आणि "कधी सोडणार औषध?" असं दर सेशनला सुचवणारे समुपदेशक आहेत. त्यांना तो अधिकार नाही. त्यांच्यामुळे रुग्णाला तुमच्यासमोर आणि समुपदेशकासमोर दोन तोंडांनी बोलावं लागतं. आणि पेशंटच्या गप्प होण्याला 'प्रगती' समजणारेही आहेत.

औषध बंद करताना तर घरच्यांना सांगणं फारच गरजेचं आहे. 'लॅन्सेट सायकिऍट्री'मधल्या २०२४ च्या आढाव्यात डिप्रेशनची औषधं थांबवल्यावर सुमारे ३१ टक्क्यांना त्रास झाला, प्लासिबो थांबवलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. म्हणजे खुद्द औषधामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला. चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, रडू कोसळणं, विनाकारण चिडचिड. घरचे म्हणतात, "बघा, गोळ्या थांबल्या आणि खरा स्वभाव बाहेर आला." किंवा घाबरून पुन्हा पूर्ण डोस सुरू करतात. सोडल्याचा त्रास सहसा काही दिवसांतच सुरू होतो, आजार उलटायला बहुधा आठवडे-महिने लागतात, आणि डोस उतरवताना शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश घ्यायचा असतो. एवढं घरातल्या एका माणसाला माहीत असलं, तर ते आठवडे निभावतात. थांबवण्याची घाई करू नये हेही खरंच. इंग्लंडमधल्या ज्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले, त्यात औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचं आणि थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचं डिप्रेशन वर्षभरात परतलं. हे आकडे रुग्णासमोर आणि त्याला हव्या असलेल्या माणसासमोर ठेवून निर्णय व्हावा.

"त्याला हव्या असलेल्या" असं मी मुद्दाम म्हणते. घरच्यांना विचारा म्हणजे सरसकट नवऱ्याला आत बोलवा, असं माझं म्हणणं नाही. कुणाला आणायचं हे रुग्णाने ठरवावं, आणि त्याआधी त्याच्याशी एकट्याने बोलावं. कारण काही घरांत आजाराचं मूळ त्या सोबत आलेल्या माणसातच असतं. रात्री मार खाणाऱ्या बाईला झोप येत नाही, म्हणून तिला झोपेची गोळी मिळते. गोळीने झोप येते, आणि मार खाण्याची ताकदही. तिला झोप का येत नाही, हे दार लावून एकदा विचारलं असतं तर तिला गोळीपेक्षा वेगळी मदत लागते हे कळलं असतं. सोबत आलेला नवरा किती काळजीने बोलतो, यावर जाऊ नका.

तुमच्याकडे वेळ नाही, हे मला ठाऊक आहे. बाहेर रांग असते. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञांच्या ज्या भेटींत थेरपीही होते, त्यांचं प्रमाण १९९६-९७ मध्ये ४४ टक्के होतं, २००४-०५ मध्ये २९ टक्क्यांवर आलं. व्यवस्थाच तुम्हाला चिठ्ठी लिहिण्यापुरतं ठेवू पाहते. पण तुमचं आणि रुग्णाचं नातं हेही औषधाइतकंच काम करतं, याचा पुरावा तुमच्याच शास्त्रात आहे. अमेरिकेतल्या डिप्रेशनच्या एका मोठ्या चाचणीची आकडेवारी २००६ साली पुन्हा तपासली गेली. नऊ डॉक्टर, ११२ रुग्ण, काहींना इमिप्रामिन हे डिप्रेशनवरचं औषध, काहींना प्लासिबो. रुग्ण किती सुधारला यातला फरक गोळीमुळे सुमारे ३ टक्के होता आणि डॉक्टर कोण होता यामुळे सुमारे ९ टक्के. सर्वांत प्रभावी डॉक्टरांच्या हातून प्लासिबो घेतलेले रुग्ण सर्वांत कमी प्रभावी डॉक्टरांच्या हातून इमिप्रामिन घेतलेल्यांपेक्षा जास्त सुधारले. तेव्हा "घरी कसं चाललंय? जवळच्या माणसांशी काही बदललंय का?" हे दोन प्रश्न विचारण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. तो उपचारातच जमा होतो.

माझ्या बाजूने मी एवढं करते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच भेटीत विचारते की तुमच्या डॉक्टरांशी बोलायला तुमची परवानगी आहे का, आणि काय सांगायचं, काय नाही. बहुतेक जण हो म्हणतात आणि तसं लिहून देतात. ही संमतीपत्रं माझ्या फायलींत आहेत. डोस बदललात, नवी गोळी सुरू केलीत, किंवा औषध उतरवायला घेतलंत, तर मला दोन ओळी कळवा. मी तुम्हाला कळवीन की घरात काय दिसतंय, आणि भीतीचा सराव कुठल्या आठवड्यात सुरू करणार आहे, म्हणजे भीती वाटली की घ्यायच्या गोळीचं त्या काळात काय करायचं, हे आपण दोघं त्या पेशंटला एकाच तोंडाने सांगू शकू.

आपली नम्र,
एक समुपदेशक